पोच येईपर्यंत

(हेदवी येथे गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांनी मला अंकओळख करून दिली त्यांच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलायला मिळणं हा मी माझा मान समजतो. गुरुजींची एक सवय इथल्या अनेकांना आठवत असेल. प्रश्न विचारला की ते थांबत, पण सगळ्यांसाठी सारखं थांबत नसत. चटपटीत मुलाने लगेच उत्तर दिलं नाही, तर त्याला ते येत नाही हे ओळखून पुढे जात. सड्यापलीकडच्या वाडीतून चालत येणारा एक अबोल मुलगा होता. त्याच्यापाशी मात्र ते बराच वेळ थांबत आणि बाकीच्यांची चुळबुळ सुरू झाली की म्हणत, “तो विचार करतोय. गप्प राहा.” आणि त्याचं उत्तर यायचं.

तीस वर्षं मी कॉम्प्युटरच्या जाळ्यांवर काम केलं. जगातला प्रत्येक कॉम्प्युटर, तुमच्या खिशातला मोबाइलसुद्धा, दर क्षणाला त्याच प्रश्नाशी झुंजत असतो, हे मला त्या कामात उमगलं. हाक मारली, उत्तर आलं नाही, तर किती वेळ थांबायचं? या थांबण्याच्या मर्यादेला आमच्या धंद्यात ‘टाइमआउट’ म्हणतात. आज तिच्याबद्दल बोलणार आहे, कारण ती मर्यादा कुठेतरी दूर बसलेला एक माणूस ठरवतो आणि तिचे परिणाम आपल्यासारख्या गावांना भोगावे लागतात.

सुरुवात आपल्या घरांपासून करतो. कोकणातल्या किती चुली मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटल्या, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. आपल्याकडच्या पोस्टाने मनीऑर्डरीचं काम १८८० साली हाती घेतलं. गिरणगावातल्या खोलीत राहणारा चाकरमानी पगार झाला की फॉर्म भरायचा. त्या फॉर्मचा एक भाग पोचपावतीचा असे. इथे आईने किंवा बायकोने पोस्टमनसमोर सही केली, अंगठा उमटवला, की तो तुकडा परत मुंबईला जायचा. तो हातात पडला की माणूस निर्धास्त होई. त्याला आपण साधा शब्द वापरायचो: पोच.

आता विचार करा, पोच आली नाही तर त्या माणसाला काय कळतं? पैसे वाटेत अडकले असतील. किंवा पैसे घरी मिळाले असतील, पण पोच हरवली असेल. किंवा दोन्ही ठीक असेल, फक्त वाशिष्ठीला पूर आल्यामुळे टपाल रखडलं असेल. तीन अगदी वेगळ्या गोष्टी. पण खोलीत बसलेल्या माणसाला तिन्ही एकसारख्याच दिसतात. पोच नाही, एवढंच त्याला दिसतं. त्यावरून त्याने ठरवायचं असतं, पुन्हा पैसे पाठवायचे की आणखी आठ दिवस थांबायचं.

मोबाइलच्या पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं तेव्हा आतलं यंत्र नेमक्या याच अवस्थेत असतं. आणि ‘टाइमआउट झाला’ असं जेव्हा ते सांगतं, तेव्हा त्याला पलीकडचं काहीही कळलेलं नसतं. ते फक्त आपल्या थांबण्याची मुदत संपल्याचं सांगत असतं.

ही अडचण यंत्र सुधारलं की सुटेल, असं वाटू शकतं. पण १९८५ साली मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन या तीन संशोधकांनी गणिताने दाखवून दिलं की निरोप पोचायला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल आणि एखादा कॉम्प्युटर बंद पडण्याची शक्यता असेल, तर बाकीच्यांचं एकमत दर वेळी होईलच, अशी खात्री देणारी ठरावीक रीत बनवता येत नाही. मुळाशी कारण हेच, की बंद पडलेला आणि मंद चालणारा यांतला फरक दुरून ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक टाइमआउट हा एक अंदाज असतो. तो शहाणपणाने बांधता येतो, पण त्याचा अंदाजपणा जात नाही.

हाक कशी मारली जाते ते आता पाहू. पूर्वी खाडीवर पूल नव्हते. तरीवर उभं राहून पलीकडच्या होडीवाल्याला हाक घालायची. त्याने ‘ओ’ दिली की आपण हात वर करून ‘बरं, थांबलोय’ असं कळवायचं. मग होडी सुटायची. हाक, ओ, आणि ‘ओ ऐकू आली’ याची खूण. इंटरनेटवरचे बहुतेक संवाद ज्या टीसीपी नावाच्या रीतीने चालतात, तिची सुरुवात याच तीन पावलांनी होते. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली ही कल्पना मांडली आणि १९८१ साली तिचा नियम लिहून पक्का झाला. मोबाइल आधी माहितीचं छोटंसं पॅकेट पाठवतो, पलीकडचा कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर ओ देतो, मोबाइल त्याची पोच देतो. मग खरं बोलणं सुरू होतं, आणि त्यातही प्रत्येक तुकड्याची पोच मागितली जाते.

इथे दोन गोष्टींतला फरक लक्षात ठेवा. होडीवाल्याने पलीकडून ‘आज होडी नाही’ असं ओरडून सांगितलं, तर तेही उत्तरच आहे. क्षणात कळतं, आपण दुसरी वाट धरतो. त्याला आम्ही ‘कनेक्शन नाकारलं’ म्हणतो. पलीकडून काहीच आवाज आला नाही, तर मात्र आपण काठावर उभे. नकार पचवणं यंत्राला सोपं जातं. मौनाचं काय करायचं हे कठीण. लिनक्स या प्रणालीच्या जुन्या रूढ ठरावानुसार पहिल्या हाकेला उत्तर नाही आलं तर एका सेकंदाने दुसरी हाक, मग दोन सेकंद थांबून तिसरी, मग चार, आठ, सोळा, बत्तीस. अशा सहा जादा हाका झाल्यावर शेवटचे चौसष्ट सेकंद थांबून ती नाद सोडते. बेरीज केलीत तर १२७ सेकंद होतात. दोन मिनिटं फिरणाऱ्या चक्रामागे पुष्कळदा हे गणित असतं.

पण मुळात उशीर होतो तरी कुठे? मुंबईची एसटी डोळ्यांसमोर आणा. प्रवाशांनी चढण्यात वेळ जातो, रस्ता कापण्यात जातो, मध्येच वाहनांच्या रांगेत जातो, आणि शेवटी ज्या कचेरीत काम आहे तिथल्या खिडकीपाशी जातो. पॅकेटच्या प्रवासातही हेच चार वाटेकरी असतात.

रस्ता कापण्याच्या वेळेला निसर्गाने मर्यादा घातली आहे. निर्वातात प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, काचेच्या तंतूत दोन लाख. हेदवी ते मुंबई सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे प्रकाशाला एक सहस्रांश सेकंद पुरे. मुंबईहून लंडनला सरळ तंतू टाकता आला, तरी जाऊन यायला सत्तरएक सहस्रांश सेकंद लागतीलच. कितीही पैसे मोजले तरी ते कमी होणार नाहीत. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच असतो. त्याच्यामार्फत प्रश्न जाऊन उत्तर यायचं तर चार वेळा ते अंतर कापावं लागतं, आणि जवळपास अर्धा सेकंद तिथेच खर्च होतो.

उशीर समजून न घेता घाई केली तर काय होतं, याचा दाखला समुद्राच्या तळाशी सापडतो. १८५८ साली अटलांटिकखालून पहिली तार टाकली गेली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला जेमतेम शंभर शब्दांचा संदेश पोचायला सोळा तास लागले. पाण्यातली लांब तार विजेचा भार साठवून धरते, त्यामुळे तिच्या एका टोकाला दिलेला स्पष्ट ठोका दुसऱ्या टोकाला पसरट, मंद होऊन निघतो. विल्यम टॉमसन या शास्त्रज्ञाने आधीच सांगितलं होतं की तारेची लांबी दुप्पट झाली तर हा उशीर चौपट होतो. म्हणून हळू, हलका संदेश पाठवा आणि पलीकडे नाजूक यंत्राने तो टिपा. तारेचे विद्युतप्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी ऐकलं नाही. त्यांनी जोर वाढवला, सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच दुबळी असलेली तार काही आठवड्यांत कायमची गप्प झाली. पुढे १८६६ साली टॉमसनच्या मार्गाने अटलांटिक जोडला गेला, आणि १८७० साली सुएझ, एडनमार्गे आलेल्या समुद्री तारेने आपली मुंबई. उत्तर येत नाही म्हणून अधिक जोरात ओरडणं हा उपाय नसतो, हा धडा तेव्हाच मिळालेला होता.

तो पुन्हा शिकावा लागला १९८६ साली. ते समजायला आपली किनाऱ्यावरची बामणघळ पुरेशी आहे. भरतीच्या वेळी समोर अख्खा समुद्र, आणि आत शिरायला खडकातली अरुंद चीर. एक लाट आत घुसते, मागून दुसरी रेटते, जागा उरत नाही आणि पाणी वर उसळतं. जाळ्यातही रुंद वाट अरुंद वाटेला मिळते तिथे असाच रेटा होतो. पॅकेटांना मात्र वर उसळायला आकाश नसतं. ती राउटर नावाच्या, वाट दाखवणाऱ्या यंत्राच्या स्मृतीत रांगेने उभी राहतात, रांग भरली की मागून येणारी टाकून दिली जातात. एकूण उशिरातला सर्वांत बेभरवशाचा भाग या रांगेचा. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गावर अडकलेल्याला हे वेगळं सांगायला नको. रस्ता तोच, गाडी तीच, पण पोचायची वेळ कुणी सांगू शकत नाही.

आता कल्पना करा की त्या कोंडीत गाडी वेळेवर पोचली नाही म्हणून घरच्यांनी प्रत्येक गाडीमागे आणखी एक गाडी रवाना केली. कोंडी सुटेल की वाढेल? १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बर्कली इथे नेमकं हे झालं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यात जेमतेम चारशे यार्डांचं अंतर. त्या वाटेवरचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. उत्तर यायला उशीर होतोय म्हणून प्रत्येक कॉम्प्युटर तेच पॅकेट पुन्हा पाठवत होता, त्याने रांग वाढत होती, रांगेने उशीर वाढत होता.

त्या प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी माइक कॅरल्स यांच्याबरोबर या कोंडीचं निदान केलं आणि १९८८ साली उपाय प्रसिद्ध केला. त्यातला टाइमआउटचा भाग मला गुरुजींच्या वर्गाची आठवण करून देतो. प्रत्येक पोच यायला किती वेळ लागला ते मोजत राहा. सरासरी काढा, पण सरासरीवर विसंबू नका; तिच्यापासून चढउतार किती होतो तेही मोजा. मग सरासरीत त्या चढउताराची चौपट मिळवा, आणि तेवढा वेळ थांबा. समजा दोन सर्व्हर आहेत, दोघांची सरासरी शंभर सहस्रांश सेकंद. पहिल्याचा चढउतार पाचचा, तर त्याच्यासाठी १२० पुरे. दुसऱ्याचा पंचाहत्तरचा, तर त्याच्यासाठी ४०० थांबायचं. हिशेबाचं हे साधं रूप. प्रत्यक्षात मुदत फार खाली जाऊ नये म्हणून एक किमान मर्यादाही ठेवतात. जो नेहमी वेळेवर बोलतो त्याच्या मौनाला लगेच अर्थ असतो. ज्याची वाट खडतर, त्याला जास्त अवधी मिळायला हवा. चटपटीत मुलगा आणि सड्यापलीकडचा मुलगा.

त्याला दोन नियमांची जोड आहे. पहिला: मुदत संपून पुन्हा हाक मारावी लागली, तर पुढच्या वेळी दुप्पट थांबा. दुसरा फिल कार्न आणि क्रेग पार्ट्रिज यांनी १९८७ साली मांडला: दोनदा हाक मारल्यावर आलेली ओ पहिल्या हाकेची की दुसरीची, हे सांगता येत नाही, म्हणून तिच्यावरून अंदाज बांधू नका. एकमेकांना न ओळखणारी कोट्यवधी यंत्रं आज एकच वाट वापरतात आणि ती वाट बंद पडत नाही, याचं मोठं श्रेय प्रत्येकाने पाळलेल्या या संयमाला आहे.

उशीर मोजला की त्याला सोबत घेऊन काम करता येतं. जुन्नर तालुक्यात खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण पाहा. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. आकाशातली एकच लहर प्रत्येक तबकडीवर वेगवेगळ्या क्षणी पोचते. जिचा संकेत आधी आला त्याला मुद्दाम थांबवून धरतात, उशिरा येणारा आला की मगच सगळे जुळवतात. मंगळयानाचं उदाहरण त्याहून पुढचं. २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी ते मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा त्याचा संकेत इथे यायला साडेबारा मिनिटं लागत होती. विचारून उत्तर मिळेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली असती. म्हणून इस्रोने साऱ्या आज्ञा दिवसांआधीच यानावर चढवून ठेवल्या होत्या. जिथे थांबणं परवडत नाही, तिथे आधी विचार करून ठेवावा लागतो.

आता आपल्या रोजच्या व्यवहाराकडे येतो. गेल्या वर्षी मे महिन्यात इथून जवळच्याच एका दुकानात मी मोबाइलवरून पैसे दिले. खात्यातून वजा झाल्याचा संदेश आला. दुकानदाराच्या यंत्रातून काही आवाज आला नाही. त्याने पुन्हा द्यायला सांगितले, मागे रांग होती, मी दिले. संध्याकाळी दोन्ही रकमा जमा झालेल्या दिसल्या. तो दुकानदार सचोटीचा म्हणून त्याने परत केले. पण ही तीच मनीऑर्डर होती: पैसे पोचले होते, पोच रखडली होती.

भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ साली यूपीआय सुरू केलं, त्यात प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो. मनीऑर्डरलाही असायचा. तो क्रमांक म्हणजे या कोड्यावरची किल्ली. तोच क्रमांक घेऊन यंत्राने यंत्राला दहादा विचारलं, तरी व्यवहार एकदाच धरला जातो. आपण पुन्हा नव्याने पैसे पाठवतो तेव्हा क्रमांक नवा, व्यवहार नवा. म्हणून आधी ‘त्या व्यवहाराचं काय झालं’ हे विचारायचं. आणि रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम माहीत असू द्या: एका व्यक्तीने दुसऱ्याला यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण समोर जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपर्यंत आपोआप परत यायला हवेत, दुकानात दिले असतील आणि दुकानदाराला त्याची खात्री मिळाली नसेल, तर पाच दिवसांत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई.

जून २०२५ पासून यूपीआयच्या यंत्रणेत बँकांना उत्तर देण्याची मुदत तीस सेकंदांवरून पंधरा केली गेली. बँकांमधल्या भक्कम वाटांवर ते योग्यच आहे. पण सगळ्या वाटा तशा नसतात. २०२० च्या टाळेबंदीत कोकणातली मुलं रेंजसाठी डोंगरावर, सड्यावर जाऊन बसत आणि शाळेचे वर्ग ऐकत. अर्ज भरताना ओटीपी येतो तोवर त्याची मुदत संपलेली असते. पुन्हा मागवला की पहिला येतो आणि चालत नाही. अशा वेळी आपली म्हातारी माणसं म्हणतात, ‘मला जमलं नाही.’ त्यांना मी सांगू इच्छितो, चूक तुमची नव्हती. कुणीतरी चांगल्या वाटेवर बसून थांबण्याची मुदत ठरवली आणि तुमची वाट मोजलीच नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती, फोन नव्हते. मुंबई-पुण्यातली लेकरं नंबर फिरवत होती आणि पलीकडे काहीच वाजत नव्हतं. त्या मौनाचा अर्थ वाईटच लावायचा असता तर किती घरं त्या दिवसांत मनाने उद्ध्वस्त झाली असती. माणसं थांबली, कुणाला तरी मोटारसायकलवरून पाठवलं, दुसऱ्या वाटेने खबर काढली. उत्तर न येणं ही फक्त उत्तर न येण्याची बातमी असते, हे तेव्हा आपण जगून शिकलो.

या गावातली, या तालुक्यातली अनेक मुलंमुली आज पुण्या-मुंबईत, परदेशात सॉफ्टवेअर लिहितात. मुदतीचा तो आकडा त्यांच्यापैकीच कुणीतरी रोज टाइप करत असतं. त्यांना मला हात जोडून सांगायचं आहे. प्रत्येक व्यवहाराला क्रमांक द्या, म्हणजे पुन्हा विचारणाऱ्याचं नुकसान होणार नाही. मुदत संपली तर ‘अयशस्वी’ असं खोटं लिहू नका. ‘अजून कळलेलं नाही’ असं खरं लिहा. आणि थांबण्याचा आकडा ठरवण्याआधी एकदा गावी या. आषाढात, पाऊस कोसळत असताना, सड्याखालच्या वाडीत आजीच्या ओटीवर उभे राहा आणि तिच्या मोबाइलवर तुमचं ॲप चालवून बघा. पोच यायला किती वेळ लागतो ते मोजा, आणि मगच आकडा लिहा.

गुरुजींना याहून योग्य श्रद्धांजली मला सुचत नाही. एवढी विनंती करतो आणि थांबतो.